काटेसाहेब आणि सात वाजताची गोळी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काटेसाहेबांचं हे खरं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं ते दुकानादुकानांतले तराजू तपासत हिंडले, म्हणून बाजाराने ते त्यांना बहाल केलं. पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक त्यांना म्हणे दुकानात शिरल्या शिरल्या वासावरून कळायचा. अशा माणसाचा जगावर विश्वास तो कितीसा उरणार? कुणी जिन्यात हसून नमस्कार केला तरी साहेब घरी जाऊन विचार करत बसायचे, याला काय हवं असेल?

घरात वहिनी होत्या म्हणून ठीक. साहेबांनी संशय घ्यायचा आणि वहिनींनी त्याची सालं काढायची, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती. "पहिल्या भेटीत मी यांच्याकडे बघून हसले," त्या सांगायच्या, "तर यांनी मागे वळून पाहिलं. म्हटलं, अहो, तुमच्या मागे नुसती भिंत आहे!"

वहिनींना दोन वर्षांपूर्वी थायरॉइडची गोळी सुरू झाली. त्या उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी घेत आणि तासाभराने चहा. तब्येत झकास. मग साहेब निवृत्त झाले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात एक गंभीर बाब आली. वहिनी गोळी घेत तेव्हा स्वयंपाकघरात साक्षीदार कोणीच नसे.

"तू रोज घेतेस याला पुरावा काय?"

"पुरावा म्हणजे मी. ही काय समोर उभी आहे."

"आरोपीची साक्ष चालत नाही."

गोळ्यांची बाटली साहेबांच्या टेबलाच्या खणात गेली, खणाला कुलूप लागलं. रोज सकाळी ठीक सात वाजता गोळी त्यांच्या हातून मिळू लागली. त्यातही बाटलीवरच्या चिठ्ठीवर त्यांची नजर अडली: सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर.

"यात डाव आहे," साहेब मला म्हणाले. "रिकाम्या पोटी औषध घ्यायला लावायचं. मग पोटात जळजळ होणार. मग जळजळीची गोळी घ्यायला आपण कुणाकडे जाणार? यांच्याकडेच! मी काय आजचा आहे?"

त्यांनी डाव उधळला. गोळीबरोबर ग्लासभर कोमट दूध आणि लोण्याचे दोन टोस्ट. शेवटी "आ" करून जीभ वर.

"डॉक्टर पाणी म्हणाल्या होत्या हो," वहिनींनी सांगून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "असू दे. नोकरी संपली की माणसाला ऑफिस लागतंच. यांनी माझ्या घशात उघडलंय."

बऱ्याच महिन्यांसाठी वहिनींचं हे शेवटचं मोठं वाक्य. पुढच्या तीन महिन्यांत त्या मंदावल्या. आम्ही पंखे लावून बसायचो, तेव्हा त्या स्वेटर घालायच्या. जिना चढताना मधल्या वळणावर पिशवी ठेवून उभ्या राहायच्या. गॅसवर काय ठेवलंय ते विसरायच्या. मी एखादा विनोद केला तर "हो का" म्हणायच्या, आणि तेही इतकं नम्रपणे की मलाच लाज वाटायची.

रक्त तपासलं, आकडा बिघडलेला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?" वहिनींनी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "माझ्या देखरेखीखाली!" डॉक्टरांनी डोस वाढवला. दीड महिन्याने आकडा आणखी वाईट.

आता साहेब चौकशीला बसले. पहिला संशय औषधाच्या दुकानावर: गोळ्या नकली. निरोपाला मिळालेला नाजूक तराजू त्यांनी काढला आणि एकेक गोळी चिमट्याने उचलून तोलली. सगळ्या सारख्या. कंपनी प्रामाणिक निघाली याचं त्यांना थोडं दुःखच झालं. मग संशय प्रयोगशाळेवर. एकाच सकाळी दोन ठिकाणी रक्त दिलं. वहिनींचे दोन्ही हात टोचून झाले, आकडे मात्र जवळपास एकच.

"आता कोण उरलं?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सातच्या गोळीला साहेबांनी बॅटरी आणली आणि वहिनींच्या तोंडात उजेड पाडला. गोळी गालात दडवून नंतर थुंकते की काय?

वहिनींनी निमूटपणे तोंड उघडलं. जीभ वर केली, डावीकडे केली, उजवीकडे केली. "बघा," म्हणाल्या, आणि जाऊन पडून राहिल्या.

साहेब तडक माझ्याकडे आले. बॅटरी हातात तशीच, पेटलेली. "मी हिच्यावर चोरीचा आळ घेतला," ते म्हणाले, "आणि ही काही बोलली नाही. टोमणा नाही, काही नाही. काल मुद्दाम पेपरवाल्यावर संशय घेऊन पाहिला, तरी नाही. अहो, ही आतून संपत चाललीय की काय?"

त्यांचा इतका घाबरलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. आम्ही दोघे औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवर चष्मा लावलेली तरुण औषधवाली होती. साहेबांनी तिच्यासमोर बाटली, चिठ्ठी, दोन्ही रिपोर्ट आणि गोळ्यांच्या वजनांचा तक्ता मांडला.

"तुमच्या मालात खोट सापडलेली नाही," ते म्हणाले. "अजून."

तिने तक्ता शांतपणे वाचला. "वजनं छान केलीत काका. गोळी कशाबरोबर देता?"

"दुधाबरोबर. ग्लासभर. टोस्ट पण."

"चिठ्ठीवर पाणी लिहिलंय."

"तो तुमचा जळजळीचा डाव मी ओळखला म्हणूनच तर."

तिला आधी डाव कळला नाही. मी समजावल्यावर ती हसू आवरत म्हणाली, "काका, दुधातलं कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतं. खाण्यानेही अडचण होते. गोळी जाते पुरी, पण रक्तात पोचते कमी. तुमच्या तराजूवर ते दिसायचं नाही."

साहेबांनी वजनांचा तक्ता घडी करून खिशात घातला. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांना हेच ऐकवलं होतं, की माल पुरा दिसतो पण गिऱ्हाइकाच्या पदरात कमी पडतो.

"म्हणजे पारड्याखाली चुंबक मीच लावला," ते म्हणाले.

"आणि आपल्या मनाने लगेच बदलू नका हं," ती म्हणाली. "डोस वाढलाय ना? आता गोळी पुरी लागू लागली तर जास्त होईल. आधी डॉक्टरांना दुधाचं सांगा."

साहेबांनी डॉक्टरांना सांगितलं. वहिनींना सांगण्यापूर्वी मात्र ते आमच्या घरी दोन कप चहा प्यायले. नंतर कळलं, त्यांनी सगळं सांगून खणाची किल्ली वहिनींच्या उशाशी ठेवली होती. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि "हो का" म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोस जुन्या मापावर आणला, वर बजावलं की गोळी पाण्याबरोबर, खाणंपिणं तासाभराने, आणि कॅल्शियमचं काही घ्यायचं तर चार तास सोडून. पुढचे दोन महिने साहेब कुणावरच संशय घेत नव्हते. ते पाहून आम्हीच धास्तावलो.

मग एका सकाळी मी त्यांचा पेपर मागायला खाली गेलो. साहेब खुर्चीत बसले होते, तोंड वासून. समोर वहिनी, अंगात स्वेटर नाही, हातात ती बॅटरी.

"यांना आता रक्तदाबाची गोळी लागलीय, गिळली म्हणतात," त्या मला म्हणाल्या. "आरोपीची साक्ष चालत नाही ना? जीभ वर. आणखी वर. अहो, इथे तर सगळ्या बाजाराचे शाप अडकलेत!"

साहेबांनी बोलता येत नसल्यामुळे हातानेच मला जवळ बोलावलं. बॅटरी बाजूला झाल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मला दाट संशय आहे, हिला यात मजा येतेय."

आणि तोंड पुन्हा उघडून बसले.