मीरेचं लाल शेवाळ

जबलपुरात समुद्र नाही, तरी नेपियर टाउनचे अच्युतराव जन्मभर समुद्री शेवाळाचे मास्तर म्हणून मिरवले. १९७९च्या सुटीत रत्नागिरीला ओहोटीच्या खडकावर त्यांना एक तांबडा पापुद्रा सापडला. भिंगाखाली तो कुठल्याच ठाऊक जातीशी जुळेना. नवी जात म्हणून त्यांनी तो जाहीर केला आणि नाव दिलं मीरेचं. मीरा त्यांची एकुलती लेक, सहाव्या वर्षी तापानं गेलेली. बायको कुसुमबाई येईल-जाईल त्याला सांगे, "पोरगी गेली, पण तिचं नाव आता कोणी पुसणार नाही."

माणूस मात्र महा तिरसट. विनता त्यांची विद्यार्थिनी, गावातल्याच रांझी भागातल्या फॅक्टरी कामगाराची मुलगी. आई वारली म्हणून तिनं प्रबंधाला थोडी मुदत मागितली, तर सर भर वर्गात म्हणाले, "शास्त्राला आई-बाप नसतात. जमत नसेल तर घरी बस." तिचं वर्ष बुडालं. विनता ते विसरली नाही, आणि काय म्हणून विसरावं?

पुढे तीच हैदराबादच्या प्रयोगशाळेत लाल शेवाळांचे जनुक तपासू लागली. इकडे सर निवृत्त झाले. नुसतं रूप पाहून जात ठरत नाही, असं नवी पोरं त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते त्यांना झोंबलं. मूळ नमुन्याला ब्लेड लावायचं नाही, हा नियम त्यांचाच. पण मीरेच्या नावावर जनुकांचंही शिक्कामोर्तब व्हावं म्हणून त्यांनी स्वतः त्याचा तुकडा कापला आणि विनताला धाडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

दिवाळीत विनता माहेरी आली, तशी सरांकडेही आली. कुसुमबाई चहा टाकायला आत गेल्या.

"सर, नवी जात नाही ती," विनता म्हणाली. "त्याच खडकांवर झुडुपासारखं, आधीच नाव असलेलं जुनं शेवाळ वाढते न, त्याच्याच आयुष्यातली ती दुसरी अवस्था आहे. जनुक तंतोतंत जुळले. नाव रद्द होईल."

सरांचा चेहरा उतरला. "मी मरेपर्यंत छापू नको, बेटा. हिच्याजवळ दुसरं काय आहे?"

"शास्त्राला आई-बाप नसतात सर. लेक तरी कुठून असेल?"

तेवढ्यात कुसुमबाई तोंड गोड करायला साखरेची वाटी घेऊन आल्या. "काहून गप्प बसून राहिले दोघं? पक्कं झालं न आपल्या मीरेचं?"

"झालं, झालं," सर घाईनं म्हणाले आणि विनताकडे हात जोडल्यासारखं पाहू लागले.

विनतानं साखर तोंडात टाकली. "बसा काकू," म्हणाली, आणि वर्गात शिकवावं तसं सगळं सावकाश समजावून सांगितलं. सरांना ती मधे बोलू देईना.

कुसुमबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग नवऱ्याकडे वळून एवढंच विचारलं, "कापून तुम्हीच दिलं न?"