तोरणातलं बियाणं

वडिलांनी राखलेलं उंच, वासाचं भात आमच्या सोसले गावच्या शेतात अंगणाएवढ्या एका तुकड्यात उरलं होतं. बाकी शेतात धाकट्या भावाने नव्या जातीचं बुटकं भात लावलं होतं. ते वाऱ्याने आडवं होत नाही. त्याने मला बजावलं, "अण्णा, दरवर्षी दाणा कमी होतोय. पुढच्या वर्षी तिथेही नवीनच."

दाणा कमी होत होता हे खरं. मी म्हैसूरहून दर कापणीला जाऊन पन्नास लोंब्यांचे दाणे मोजतो. सात वर्षांत लोंबीमागे सरासरी एकशे अठरावरून शहाण्णववर आली. खत तेच, पाणी तेच. मग दाणा का घटला?

कारण देवघराच्या दारावर लटकत होतं. कापणीच्या आदल्या दिवशी आई सगळ्यात भरलेल्या लोंब्या तोडते आणि आमच्यासकट नऊ घरांची तोरणं करते. ती चिमण्या खातात. उरलेल्यातलं आम्ही पेरतो. माणसांनी पिढ्यान्पिढ्या उत्तम लोंबी पेरून भाताला आजचं रूप दिलं. आम्ही दरवर्षी उत्तम तेवढीच बाहेर काढत होतो. सगळा दोष याचाच, असं मी म्हणणार नाही, पण बराचसा.

आईला सांगितलं. "अय्यो, मग देवाला रोडकं देऊ?"

"रेशनचं दे," भाऊ म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बैलांकडे निघून गेला.

वाद नको म्हणून आईच्या आधीच मी बियाण्यासाठी मधल्या रोपांतल्या चाळीस लोंब्या निवडल्या. कडेच्या नाहीत, त्यांना ऊन जास्त मिळतं. ओळखू याव्यात म्हणून घरात सापडला तो लाल दोरा बांधला. तो पूजेचा होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चाळीसही लोंब्या आमच्या तोरणात! "बरं झालं, तूच देवासाठी निवडून ठेवल्यास," आई म्हणाली. "माझी कंबर वाचली."

मी स्टूल ओढलं.

"देवाचं काढतोस?"

"दाखवून झालं ना? आता प्रसाद. प्रसाद पेरला तर चालतो?"

तिने स्टुलाखाली सूप धरलं. मग म्हणाली, "पायाखाली सांडू नकोस."

छत्तीस मिळाल्या, चार चिमण्यांनी आधीच नेल्या होत्या. भावाने तुकडा आणखी एका हंगामापुरता दिला. आई आतापासूनच विचारते, पुढच्या वर्षी दोरा कधी बांधणार.