माइक निवडताना

माझ्या बायकोच्या, सुमनच्या, गळ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आवाज राहील, पण हाच राहील असं सांगता येत नाही." शस्त्रक्रियेआधी नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायच्या, असं तिनं ठरवून टाकलं. घरातल्या लहान खोलीत आम्ही भिंतींना गोधड्या टांगल्या, लॅपटॉप मांडला आणि माइक घ्यायला गेलो.

दुकानदारानं दोन माइक जोडले आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवले. "काकू, बोला काहीतरी."

सुमन लाजली. मग म्हणाली, "एका गावात एक खार राहत होती."

पहिल्या माइकमधून गोष्ट स्वच्छ ऐकू आली. दुसऱ्यातून मात्र सुमनच आली. शब्दाआधी घेतलेला बारीकसा श्वास, ओठ उघडतानाची चाहूल, 'खार' म्हणताना आत दाबलेलं हसू. सगळा संसार मी हिचं बोलणं ऐकत आलो, पण त्या बोलण्याच्या आत एवढं काही नांदत असतं हे मला ठाऊकच नव्हतं. ती समोरच उभी होती, आणि मी थक्क होऊन तिला जणू पहिल्यांदाच ऐकत होतो.

"दुसरा जरा जास्तच पकडतो, श्वाससुद्धा," दुकानदार म्हणाला.

"मग पहिलाच घेऊ या," सुमन म्हणाली.

"नको, दुसराच."

"का हो?"

मी हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवले, दुसऱ्या माइकजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "सुमन."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग दुकानदाराला म्हणाली, "हाच द्या."