डाव्या पायाची मेंदी

कात्रपच्या हिरामण ड्रायव्हरला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात ‘डावा पाय’ म्हणत, आणि त्याला त्याचा माज होता. तिथल्याच टेकचंद शेठची लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार तो असे गिअर टाकत चालवायचा, की शेजारी बसलेल्या शेठच्या तोंडातलं पान हलत नसे. क्लच सोडावा तर हिरामणने, असं गॅरेजवालेसुद्धा म्हणत. माणसात गुण होता, पण गर्व त्याहून दुप्पट.

शेठचा मुलगा जितू कॉलेजात गेला आणि त्याला गाडी शिकवायचं काम हिरामणकडे आलं. जितूचा क्लच पटकन सुटे, गाडी आचके देऊन बंद पडे. मग हिरामण स्क्रू-ड्रायव्हरची मूठ त्याच्या डाव्या गुडघ्यावर हाणायचा आणि मित्रांदेखत विचारायचा, “पायाला मेंदी लावलीय का रे?” मित्र खिदळायचे. एकदा जितूच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा हिरामणही पोट धरून हसला.

काही वर्षांनी, दोन हजार आठ साली, शेठने नवी स्पोर्ट्स कार घेतली. तिला क्लचच नव्हता.

“कंपनीनं हाताच्या गिअरवाली काढणंच बंद केलंय, काका,” जितू म्हणाला. “आता गाडी स्वतःच गिअर टाकते.”

बरं झालं, काम हलकं झालं, असं हिरामणला वाटलं. पण जुन्या पायाला हे कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात रिक्षा आडवी आली आणि सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला, तो ब्रेकच्या रुंद पेडलवर दणकून पडला. गाडी जागीच थांबली. शेठचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं आणि पान पांढऱ्या शर्टावर उतरलं.

“कल से मत आना,” शेठ म्हणाला.

हिरामणने हात जोडले. त्या सीटवरून उतरलो की आपल्याला कुत्रं विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“रहने दो, पप्पा,” जितू गोड आवाजात म्हणाला. “काकांनी मला शिकवलं, आता मी काकांना शिकवतो.”

चार दिवसांनी जितूच्याच लग्नाची मेंदी होती. भर पाहुण्यांत त्याने हिरामणला खुर्चीवर बसवलं, डावी चप्पल काढायला लावली आणि मेंदीवालीला तो पाय दाखवला. “घोट्यापर्यंत भर,” तो म्हणाला. “काका, आता गाडी चालवताना हा पाय हलवायचा नाही. गाडीतलं कार्पेट नवीन आहे. डाग पडला तर घरी.”

मेंदीवालीने पायावर मोर काढला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हिरामण मान खाली घालून बसला. मग ओला पाय अधांतरी धरून त्याने जितूला स्टेशनपर्यंत फिरवून आणलं. पोटरीत गोळे आले, पण ना आचका, ना डाग. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“पास,” जितू म्हणाला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. “पण काका, ज्या गाडीला डावा पाय लागत नाही, तिला तुम्ही कशाला?”

घरी कौसाबाईने नवऱ्याचा पाय लिंबाने घासला. लिंबाने मेंदी आणखी रंगते, हे रागाच्या भरात ती विसरली. मोर गडद लाल होऊन बसला.

आठवड्याने हिरामणला अंबरनाथच्या एका कारखान्यात टेम्पोवर काम मिळालं. त्याला अनवाणी चालवायची सवय. त्याने क्लच दाबला, आणि तो नुसता दाबूनच बसला. सोडायला गेला की कानात हसणं ऐकू यायचं. शेवटी सोडला, तसा टेम्पो आचका देऊन बंद पडला.

मागे माल धरून बसलेला हमाल खाली उतरला, दारातून आत वाकला आणि पायाकडे बघत राहिला.

“हां,” तो म्हणाला. “मेंदी लावलीय. मग पाय हलणार कसा?”