ताईंची गारी

कुठेही गेल्या की ताई आधी दाबून बघायच्या. दोन्ही तळवे टेकवून, अंगाचा सगळा भार देऊन. सोफा असो, स्कूटरची सीट असो, नाहीतर दवाखान्यातला बाक. वस्तू दबून परत वर आली की खूश व्हायच्या, "हां, हिच्यात जीव हाय." माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी, एका हाताने का होईना, माझ्या फिरत्या खुर्चीची अशीच परीक्षा घेतली. "स्प्रिंगा बनवता ना तुमी?" त्यांनी विचारलं. "मग ही अशी मेलेली कशी?"

तुमच्याही मुलांना शाळेत न्यायला एखादी व्हॅन येत असेल. डोंबिवलीजवळ कोपरला आमच्या सोसायटीत ताईंची यायची. माझी मुलगी त्याच व्हॅनने जायची. ताई चाळिशी ओलांडलेल्या, रुंद खांद्यांच्या, भरल्या अंगाच्या. मूळच्या इथल्याच. वडिलांची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत. त्या कधी उशिरा येत नाहीत आणि पोरांवर ओरडत नाहीत, एवढीच आम्हा पालकांना त्यांची माहिती. या बाई दर रविवारी टिटवाळ्याच्या पलीकडे माळावर जाऊन क्वाड उडवतात, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

क्वाड म्हणजे चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखी दोन्हीकडे पाय टाकून बसायची, हँडलने वळवायची गाडी. जमिनीचे पैसे आले तेव्हा ताईंच्या भावाने ती हौसेने घेतली होती, हळदीला नवरदेव मिरवायला. डीजेच्या मागे काही लग्नं फिरली आणि मग अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. एका सकाळी ताईंनी ताडपत्री ओढली, किल्ली फिरवली आणि घराभोवती चक्कर मारली. भाऊ सांगायचा, "तवापासून गारी माझी रायली नाय." त्यांच्या बोलीत गाडीची गारी व्हायची, आणि मला ती तशीच आवडायला लागली.

पावसाळा सरला की त्या माळावर हौशी लोकांच्या शर्यती होतात. ताईंनी नाव दिलं. एकट्या बाई. मातीच्या मोठ्या उंचवट्यावरून गाडी उडाली, खाली आली आणि ताई हँडलवरून पुढे फेकल्या गेल्या. मनगट मोडलं.

व्हॅनच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. रेस खेळणाऱ्या बाईच्या हातात मुलं कशी द्यायची? ताईंच्या चुलतभावाने काही आठवडे व्हॅन चालवली. खुद्द भाऊ म्हणाला, "इकून टाक ती गारी. लोक हसतान."

त्याच दिवसांत त्या माझ्याकडे डोंबिवलीच्या एमआयडीसीत आल्या. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात क्वाडचा शॉकअप, चाकाचे धक्के झेलणारा स्प्रिंगचा दांडा, ओढणीत गुंडाळलेला. टेबलावर ठेवला तशी तेलाची धार लागली.

"ओ इंजिनियर, मी परले नाय. गारी टेकली."

मला ते लगेच कळलं. उंचावरून येताना स्प्रिंग पूर्ण दबली, लोखंड लोखंडावर आदळलं आणि त्या झटक्याने ताई उडाल्या. कंपनीने स्प्रिंग बसवली होती ती सडसडीत पोराच्या वजनाची.

"बाहेरून मागवलेले तयार शॉकअप मिळतात," मी म्हटलं.

"त्या पैशात दुसरी व्हॅन येल. मना गारी सुधारायचीय, भावाला परत जमीन नाय इकायला लावायची." मग प्लास्टरकडे बघून म्हणाल्या, "हात परत मोडला तर व्हॅन गेली माझी. ते मना म्हाईत हाय. पन परत रेसला उतरलेच नाय, तर जलमभर वाटंल, घाबरली."

आम्हा दोघांनाही वाटलं, कडक म्हणजे मजबूत. मी जाड तारेच्या स्प्रिंगा वळून दिल्या. प्लास्टर निघाल्यावर ताईंनी त्या वापरून पाहिल्या आणि सोमवारी मुलांना सोडून थेट माझ्या दारात.

"चांगल्या गारीत पोटातलं पानी हलत नाय बोलतान. माझे दात हलले, इंजिनियर! गारी नाय ती, बेडूक हाय."

मग मीच एका रविवारी टिटवाळ्याला गेलो. ताईंनी आधी मलाच क्वाडवर बसवलं. "तुमची स्प्रिंग हाय, तुमीच खा." एवढ्याशा खड्ड्यावर गाडीने मला असं झुगारलं की माझा चष्मा मागच्या चाकाजवळ सापडला. ताई हसून हसून जमिनीवर बसल्या. मलाही हसू आवरेना. पण त्या दिवशी खरं काम सुरू झालं.

फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी केल्या. टायरमधली हवा कमी केली. ताईंना हेल्मेट, बूट, सगळं घालून गाडीवर बसवलं आणि गाडी किती खाली जाते ते टेपने मोजलं. डावी बाजू जास्त बसत होती. खोलून पाहिलं तर तिकडचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, झिजून चपटे झालेले. ते बदलताच गाडी निम्मी शहाणी झाली. मग पुढच्या दोन्ही शॉकअपसाठी मी दोन तुकड्यांची स्प्रिंग बनवली. वरचा तुकडा मऊ, लहान खड्डे गिळायला. खालचा कडक, उडी झेलायला. मधे नायलॉनची रिंग. मागचा शॉकअप ताईंनी कल्याणच्या भंगारात शोधला, एका मोठ्या मोटरसायकलचा. असे डझनभर दाबून, नाकारून मग तो निवडला, आणि भंगारवाला कंटाळून म्हणाला, "ले जाओ बाई, दुकान मत तोडो." त्यात दाबाने गॅस भरलेला असतो, त्यामुळे आम्ही त्याला हात लावला नाही. कल्याणच्याच एका मेकॅनिककडून नवं तेल आणि गॅस भरून घेतला.

तरीही पहिल्या दिवशी गाडी मागून वर फेकत होती. ताई चिडल्या नाहीत. मेकॅनिककडे परत गेल्या, तेल बदलून घेतलं, परत माळावर, परत मेकॅनिककडे. शेवटी एका रविवारी त्या छोट्या उंचवट्यावरून उतरल्या, थांबल्या आणि हेल्मेट काढून मागे उंचवट्याकडेच बघत राहिल्या. मी घाबरलो. "काय झालं ताई?"

"काय नाय झायलं," त्या हळूच म्हणाल्या. "तेच तर. उतरले, आनि काय झायलंच नाय."

पुढची शर्यत थंडीत होती. ग्रुपवर बातमी फुटलीच, आणि आमच्या सोसायटीतले बरेच पालक मुलांना घेऊन आले. काही कौतुकाने, काही मनातल्या मनात 'बघू आता' म्हणत. माइकवरचा माणूस उत्साहात होता. "आपल्या लेडीज रायडर! भाग घेतल्याबद्दल ताईंसाठी जोरदार टाळ्या!" ताईंनी हेल्मेटची काच खाली ओढली.

सुटताना त्या मागे पडल्या. सर्वात पुढे ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून आलेला एक तरुण होता. गाडी नवीकोरी, शॉकअप बाहेरून मागवलेले, चकाकणारे. पण माळाच्या टोकाला एक पट्टा होता, पत्र्याच्या छपरासारखा लाटालाटांचा. तिथे सगळे वेग कमी करायचे. ताईंनी केला नाही. चाकं खालून वेड्यासारखी नाचत होती आणि वर ताई शांत, जणू व्हॅनमध्ये पोरं झोपलीत. प्रत्येक फेरीत त्या पट्ट्यावर कुणीतरी मागे पडायचं. शेवटच्या फेरीला त्यांच्या पुढे फक्त तो तरुण उरला.

आणि समोर तोच मोठा उंचवटा.

दोघं जवळजवळ एकदम उडाले. माझी मुलगी माझा हात घट्ट धरून होती. मी डोळे मिटले आणि कान दिले. लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज मला ओळखू आला असता. तो आलाच नाही. डोळे उघडले तेव्हा तरुणाची गाडी उतरून उसळी मारत बाहेर गेली होती, आणि ताई उतरल्या त्याच दमात आतल्या बाजूने वळत होत्या. पुढचं सगळं सरळ होतं. त्यांनी ते कुणालाही हात लावू न देता पार केलं.

माइकवरचा माणूस 'लेडीज रायडर' विसरला. मग त्याने नुसतंच "ताई! ताई! ताई!" सुरू केलं आणि अख्खा माळ त्याच्या मागून ओरडायला लागला. व्हॅनमधली पोरं कुंपणाखालून घुसून धावली. ग्रुपवर सर्वात जास्त लिहिणाऱ्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या चक्क शिट्टी मारत होत्या. तो तरुण हेल्मेट काढून ताईंच्या गाडीपाशी आला, गुडघ्यावर बसून स्प्रिंग निरखली आणि विचारलं, "किस कंपनी का है?"

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांची. पन आधी बेडूक होता, इचारा."

लाज सोडून सांगतो, मला रडू आलं. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे गर्दीत आणखी एक माणूस रडत होता. उसाच्या रसाच्या गाडीमागे लपून शर्यत बघायला आलेला ताईंचा भाऊ.

आता आमच्या सोसायटीत दुसरी व्हॅन येते. ताई टिटवाळ्याच्या पलीकडे राहायला गेल्या. भावाने तिथल्या आपल्या उरलेल्या जमिनीतली एक पट्टी त्यांना मोकळी करून दिली. तिथे त्या क्वाड चालवायला शिकवतात, बायकाच जास्त येतात. गेल्या हिवाळ्यात मी मुलीला घेऊन गेलो. फाटकावर भाऊ खुर्ची टाकून बसला होता.

"ताई नाय. रेस हाय, गोव्याला गेली," त्याने सांगितलं आणि आम्ही विचारायच्या आधीच मोबाइल काढला. पडद्यावर लाल मातीचा मोठा उंचवटा, त्यावरून उडालेली क्वाड, हवेत उभ्या राहिलेल्या ताई. गाडी खाली आली, धुळीचा लोट उठला आणि त्यातून ताई सरळ पुढे निघून गेल्या.

"बघितला? कशी उतरली?" भाऊ म्हणाला. आम्ही मान हलवली, पण त्याचं समाधान झालं नाही. त्याने खुर्ची मुलीला दिली, स्वतः उभा राहिला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.