दाढ दुखायचं निमित्त

गेल्या महिन्यात मुखेडच्या स्टँडवर सासूबाईंनी मला एसटीतली खिडकीची जागा दिली... तिथंच मला शंका यायला हवी होती. आमच्याकडं खिडकी म्हणजे त्यांचीच. लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा कुणाला देत नाहीत.

निघाले होते नांदेडला. घरात सांगितलं, दाढ ठणकतेय. खरं तर मला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या मॅडमना भेटायचं होतं. पण ते सांगायचं कसं? फौजीची बायको अन् अशी भित्री, असं म्हणतील... येडी म्हणायलाही कमी करणार नाहीत. म्हणून दाढ. तर सासूबाई म्हणाल्या, "मीबी येते."

आमचे फौजी सीमेवर असतात. फोन वाजला की माझे हातपाय गार पडायचे, छाती धडधडायची. झोपेचं तर नावच नको.

त्याआधी एकदा टँकरच्या पाईपाखाली घागर धरली होती, तेवढ्यात फोन वाजला... घागर हातातून सुटली, सगळं पाणी मातीत. फोन कसला, तर रिचार्ज संपत आल्याचा! या दुष्काळात पाणी सांडल्यावर काय होतं ते आमच्या गल्लीला विचारा. बायांनी चांगलंच फैलावर घेतलं. सासूबाई मात्र नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, लई रागावल्यात.

फौजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. घरचं टेन्शन फौजीला द्यायचं नाही, हा आमच्या घरचा कायदाच. बोअर आटला तरी मी व्हिडिओ कॉल शेजारच्या लिंबाखाली उभी राहून करायची. गावात तेवढंच काय ते हिरवं उरलेलं.

दवाखान्यात पोचलो अन् मी निमूटपणे दाताच्या लाईनीकडं वळले. सासूबाईंनी मनगट धरलं.

"तिकडं कुठं निघालीस? स्टँडवर कडाकडा फुटाणे खाल्लेस की गं. दाढ दुखणारी बाई फुटाणे खाते का? घागर सुटली तवापासून मी बघून राहिले तुला. इथल्या मॅडमचं मीबी ऐकून हाय."

मी तिथंच रडायला लागले. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं अन् मला थेट मॅडमच्या खोलीत नेलं. खुर्चीवर मात्र आधी स्वतःच बसल्या! "जय भीम मॅडम. हिचं तर ऐकाच, पण आधी माझं ऐका. लेक भरती झाला तवापासून मला झोप न्हाई."

इतक्या वर्षांत एका छपराखाली राहून आम्ही एकमेकींना हे सांगितलं नव्हतं...

मॅडमनी दोघींचं सगळं शांतपणे ऐकलं अन् मग सांगितलं: फोन वाजला की आधी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, सावकाश श्वास सोडायचा, मगच उचलायचा. टीव्हीवरच्या बातम्या दिवसभर लावून बसायचं नाही. अन् एकमेकांपासून लपवायचं नाही, फौजींपासूनही नाही. मॅडमकडं आम्ही अजून जातो, दोघी मिळून.

आज सकाळी टँकर आला. घागर भरत आली अन् फोन वाजला. छाती धडधडलीच... पण मी पाय टेकवले, श्वास सोडला, घागर काठोकाठ भरली, खाली ठेवली अन् मग फोन घेतला. थेंब सांडला नाही. सासूबाई अख्ख्या लाईनीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा माझी सून."

फोन फौजींचाच होता. मी लिंबाखाली गेलेच नाही. टँकर दाखवला, मातीचं रान दाखवलं, मॅडमचंही सांगून टाकलं. तर ते म्हणाले, "इथं युनिटमध्येबी तुमच्या मॅडमसारखे बोलायला एक साहेब हायत. घरी कळलं तर काय म्हणतील म्हणून जात नव्हतो... आता जातो."

मागून सासूबाई ओरडल्या, "आजच जा."

गल्लीच्या पलीकडं आणखी एक फौजीचं घर आहे. तिथल्या सूनबाईला पुढच्या खेपेला आम्ही सोबत नेणार आहोत. तिचं डोकं दुखतंय म्हणे, गेल्या दिवाळीपासून... सासूबाईंनी तिला खिडकीची जागा आत्ताच कबूल केलीय.

अन् हो, काळजीनं विचारणाऱ्या सगळ्यांना सांगते, माझी दाढ एकदम ठणठणीत आहे. सासू मात्र मला नव्यानं मिळाली.