सर्जेराव मास्तरांचा आ-आ

सर्जेराव जाधव मास्तर भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला वर्गात जोडे काढत, धोतर घोट्याच्या वर धरत आणि गुळगुळीत फरशीवरून "आ... आ..." करत लंगडत चालत. नव्या मुलांना वाटे, यांना काटा रुतला. एकदा एक जण बिब्बा आणायला धावला होता. मग मास्तर शांतपणे जोडे घालून सांगत, "लाव्हा थिजताना कधीकधी वरून काटेरी, खडबडीत होतो. हवाई बेटांवरचे लोक त्याला आ-आ म्हणतात. शास्त्रज्ञांनी तोच शब्द उचलला. हा शब्द तोंडाने पाठ करायचा नाही, तळपायाने करायचा."

मी त्यांच्या हाताखाली मदतनीस होतो. त्यांचे पूर्वज मैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. घरात मराठी, पण दर चार शब्दांमागे एक कानडी. आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या बालविधवा बहिणीने, गंगाक्कांनी, त्यांना वाढवले. मास्तरांनी लग्न केले नाही. "सुम्ने कशाला?" एवढेच म्हणत. उगाच कशाला.

आमच्या मैसूरच्या मुलुखात जिकडे पाहावे तिकडे जुना कणखर दगड. लाव्हा मास्तरांनीही पाहिला नव्हता. शेवटी त्यांच्या ओळखीच्या एका इंग्रज प्रवाशाने हवाईहून आ-आचा नारळाएवढा तुकडा त्यांना पाठवला. मास्तर हरखले. दसऱ्याच्या प्रदर्शनात तो मांडायचा होता. कॉलेजात भूशास्त्राच्या अध्यापकाची नवी जागा निघणार होती, मास्तरांना ती हवी होती आणि नेमणूक ज्यांच्या हाती, ते दरबारचे अधिकारी प्रदर्शनाला यायचे होते.

मास्तरांनी दगड धुऊन न्हाणीघराच्या कट्ट्यावर वाळत ठेवला आणि आम्ही मुलांना घेऊन आठवडाभर कोलारकडे सोन्याच्या खाणी पाहायला गेलो. परत आलो तर गंगाक्का दारातच पाऊल पुढे करून उभ्या.

"बघ रे सर्जा, टाचा कशा लोण्यासारख्या झाल्यात. आधी फार टोचत होता तो कल्लु, तुझा दगड. मग एक बाजू पाट्यावर घासून घेतली. माझ्या भेगा तुला दिसत होत्या, अल्लवा, होय ना? बोलला नाहीस कधी."

आ-आची एक बाजू तळहातासारखी सपाट झाली होती. मास्तरांनी तो हातात फिरवला.

"हो अक्का," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच आणला."

बाहेर पडल्यावर मी सुचवले, "वीटभट्टीतला एखादा जळून खडबडीत झालेला खंगर मांडू या. कोणाला कळतंय?"

"बेड, बेड. नकोच. खोटा दगड मांडून खरं शास्त्र कसं शिकवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "अक्का, टाचा घासायची तुझी वज्री दोन दिवस देतेस?" अक्का वज्रीबरोबर स्वतःही प्रदर्शनात आल्या. नेसूचे धुवट लुगडे, चेहऱ्यावर मालकिणीचा रुबाब. टेबलाशी उभ्या राहून येणाऱ्या बायकांना त्या दगडाचे गुण सांगू लागल्या. शेजारच्या सोन्याच्या खनिजाकडे कोणी फिरकेना.

"हा मिळतो कुठे?" एका बाईने विचारले.

"हवाईला," मास्तर म्हणाले.

"म्हणजे तलकाडच्या अलीकडे की पलीकडे?"

"बरंच पलीकडे."

इतक्यात ते अधिकारी आले. त्यांनी दगड उचलला. "खडबडीत लाव्हा म्हणता, मग ही बाजू गुळगुळीत कशी?"

"ते माझ्या थोरल्या बहिणीचं काम आहे," मास्तर इंग्रजीत म्हणाले.

"हा शास्त्रीय नमुना आहे की घरातली वस्तू? कोणाच्या मालकीचा आहे हा?"

मास्तरांनी अक्कांकडे पाहिले. अक्कांना इंग्रजी येत नव्हते, त्या कौतुकाने हसत होत्या.

"तिच्या," मास्तर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी दगड खाली ठेवला आणि पुढे गेले. जागा दुसऱ्याला मिळाली.

मी हळहळत मास्तरांच्या घरी गेलो. अक्का त्यांना जेवायला वाढत होत्या. "सायबाला दगड आवडला, अल्लवा?" त्यांनी मला विचारले. मास्तरांनी ताटावरून माझ्याकडे असे पाहिले, की मी म्हणालो, "फार."

अक्का काही वर्षांनी गेल्या. तेराव्याला मंडळी पांगल्यावर मास्तर आणि मी ओसरीवर बसलो होतो. ते म्हणाले, "तिनं मला लहानाचं मोठं केलं. मी जन्मात तिला आपणहून काही आणलं नाही रे. एकदाच आणलं, तेही चुकून."